कंपनीची फौज गेली, फौजेची कंपनी आली

नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं सत्ताविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिन्ही दलांच्या वर एक नवं पद तयार झालं, ते लष्करप्रमुख आसिम मुनीर यांच्याकडे गेलं, आणि फील्ड मार्शलला फौजदारी खटल्यांपासून तहहयात संरक्षण मिळालं. सध्या त्या देशात फील्ड मार्शल एकच आहेत, तेही मुनीरच. रणगाडे रस्त्यावर आले नाहीत, टीव्ही केंद्राच्या गेटवरून सैनिक चढले नाहीत. खासदारांनी रीतसर दोन तृतीयांश मतांनी हे सगळं करून दिलं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकानं विचारलं, "मग याला बंड म्हणायचं की कायदा?" त्यावर नेहमीप्रमाणे चाळीस मेसेज आले आणि विषय क्रिकेटवर गेला. प्रश्न मात्र चांगला होता. त्याचं उत्तर बराकीत शोधण्यापेक्षा यूरियाच्या पोत्यात, सिमेंटच्या गोणीत आणि नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये शोधलेलं बरं.

आधी सोसायटीच्या वॉचमनकडे जाऊ

समजा, तुमच्या सोसायटीत एक वॉचमन आहे. माणूस तगडा, रात्री खरोखर जागा राहणारा. काठी त्याच्या हातात, गेटची किल्ली त्याच्या खिशात. तरीही तो सेक्रेटरीकाकांचं ऐकतो. का? तर पगार कमिटी देते म्हणून. अंगाच्या ताकदीवर ठरवायचं झालं तर काका त्याच्यापुढे दोन मिनिटंही टिकणार नाहीत.

एका उन्हाळ्यात पाण्याची ओरड होते. वॉचमन म्हणतो, टँकर मी लावून देतो. सगळ्यांची सोय होते. मग रिकामं पार्किंग तो बाहेरच्यांना भाड्यानं देऊ लागतो. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत त्याच्या भावाचं किराणा दुकान येतं. इस्त्रीवाला आणि दूधवाला त्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. चार वर्षांनी वार्षिक सभेत कुणीतरी टँकरचा हिशोब मागतं. वॉचमन शांतपणे सांगतो, तो माझा खासगी धंदा आहे, सोसायटीचा पैसा नाही. एक सभासद चिडून म्हणतो, याला काढूनच टाका. पण काढणार कसा? पगार थांबवला तर त्याचं काही अडत नाही, आणि टँकर थांबला तर तुमचं अडतं.

बंदूक असलेल्या माणसानं बंदूक नसलेल्याचं ऐकावं, हा लोकशाहीतला मोठाच चमत्कार आहे. शपथ, परंपरा, शिस्त हे सगळं त्यामागे असतंच. पण व्यवहारातली दोरी एकच: लष्कराला लागणारा प्रत्येक रुपया संसद मंजूर करते आणि त्याचा हिशोब संसद मागते. फौजेनं स्वतःचं उत्पन्न उभं केलं की ही दोरी सैल होते.

अभ्यासकांनी या प्रकाराला 'मिलबस' असं नाव दिलंय, म्हणजे मिलिटरी बिझनेस. लष्कराच्या ताब्यातली अशी आर्थिक ताकद, जी संरक्षणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही आणि जिचा मलिदा मुख्यतः अधिकारीवर्गाला मिळतो. हा शब्द रुळवणाऱ्या पाकिस्तानी संशोधक बाईंच्या पुस्तकाचं प्रकाशन २००७ साली इस्लामाबादच्या एका क्लबात ठरलं होतं. ऐन वेळी सभागृह नाकारण्यात आलं आणि शहरातल्या हॉटेलांनीही जागा दिली नाही. आता हॉटेलवाल्यांना हिशोबाच्या पुस्तकाची एवढी भीती का वाटावी?

फौज कॉर्नफ्लेक्सपर्यंत पोचली कशी?

सुरुवात अगदी साधी आणि चांगल्या हेतूची होती. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या हिंदी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी इंग्रजांनी एक निधी उभारला होता. फाळणीत तोही वाटला गेला. पाकिस्तानच्या वाट्याला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये आले. भारतात आपल्या वाट्याचा पैसा माजी सैनिकांच्या कल्याणासाठी खर्च झाला. पश्चिम पाकिस्तानात मात्र तो गिरणीत गुंतवला गेला आणि १९५४ मध्ये धर्मादाय कायद्याखाली 'फौजी फाउंडेशन' उभी राहिली. कारभार पाहणाऱ्या समितीचं अध्यक्षपद संरक्षण सचिवांकडे, व्यवस्थापकीय संचालक म्हणजे निवृत्त जनरल. ही पद्धत अजून चालू आहे.

मग एकेक करत दुकानं वाढत गेली. १९७१ मध्ये आर्मी वेल्फेअर ट्रस्ट, १९७७ मध्ये हवाई दलाची शाहीन फाउंडेशन, १९८२ मध्ये नौदलाची बहारिया फाउंडेशन. रस्ते बांधणारी एफडब्ल्यूओ आणि मालवाहतूक करणारी एनएलसी या तर थेट गणवेशातल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतात. आज पंजाबमधला शेतकरी 'सोना' यूरिया टाकतो तो फौजीचा. घराला सिमेंट फौजीचं किंवा अस्करीचं. खातं अस्करी बँकेत. मुलाच्या वाटीत फौजी कॉर्नफ्लेक्स आणि त्यावर ओतलेलं नूरपूर दूध, तेही फौजीच्याच कंपनीचं. गंमत म्हणजे ही यादी कुणी लपवून ठेवलेली नाही. पाकिटांवर नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

आपल्या आज्या-पणज्या 'कंपनी सरकार' म्हणायच्या. व्यापाऱ्यांनी फौज बाळगली आणि १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण लागलं. तिथं दुकानदारानं बंदूक घेतली होती. इथं बंदूकवाल्यानं दुकान थाटलंय. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं फार फरक पडत नाही, कारण दोन्हीकडे भावाची घासाघीस करायची सोय नसते.

प्लॉटचं गणित

यूरिया, सिमेंट हा नफा संस्थेचा. माणसांना जो बांधून ठेवतो तो धंदा जमिनीचा. डिफेन्स हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे डीएचए, ही कराची, लाहोरपासून पुढे अनेक शहरांत पसरलेली वसाहतींची संस्था. कराचीच्या डीएचएच्या कार्यकारी मंडळावर अध्यक्ष म्हणून तिथला कोअर कमांडर बसतो. जमीन स्वस्तात मिळवायची, रस्ते-गटारं करायची, प्लॉट पाडायचे. अधिकाऱ्याला बढतीच्या टप्प्यांवर सवलतीत प्लॉट मिळतो, आणि तो बाजारभावानं विकायची मुभा असते. मधला फरक हीच कमाई. शेतजमिनीच्या वाटपाची परंपरा तर इंग्रजांच्या कालवा वसाहतींपासूनची. २०१६ च्या शेवटी निवृत्त झालेले लष्करप्रमुख राहील शरीफ यांना लाहोरजवळ ९० एकर जमीन मिळाल्याचा गवगवा झाला, तेव्हा लष्कराच्या प्रसिद्धी विभागाचं म्हणणं होतं की हे सगळं घटनात्मक तरतुदींनुसारच आहे.

आणि ते खरंही असेल. नियमाबाहेर जाऊन खाल्लं तर भ्रष्टाचार. नियमच खाण्यासाठी लिहिला तर त्याला काय म्हणायचं, यावर त्या देशात पंच्याहत्तर वर्षं एकमत झालेलं नाही.

ओकाऱ्याची बटाई

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर पंजाबातल्या ओकारा जिल्ह्यात चला. तिथं लष्कराच्या ताब्यात सुमारे १७ हजार एकर शेती आहे. १९१३ च्या सुमारास इंग्रजी फौजेनं ती घोड्यांच्या चाऱ्यासाठी, दूधदुभत्यासाठी भाडेपट्ट्यानं घेतली. महसुली दप्तरात, म्हणजे आपल्या भाषेत सातबाऱ्यावर, मालक म्हणून प्रांतिक सरकारचंच नाव. जंगल साफ करून ती कसणाऱ्या कुळांच्या पिढ्या तिथंच वाढल्या. त्यांत मुसलमान आहेत, तसे ख्रिस्तीही बरेच. पद्धत बटाईची: पिकाचा अर्धा वाटा द्यायचा.

२००० साली, मुशर्रफ यांची सत्ता असताना, लष्करानं सांगितलं की यापुढे बटाई बंद, करारावर सही करा आणि रोख खंड भरा. वरवर पाहता ही सुधारणाच. पण बटाईदार हा कायद्यानं कूळ असतो, त्याला सहज हुसकता येत नाही. करारावर अंगठा उठला की तो नुसता भाडेकरू. ज्यांच्या घरात कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत माणसं मोठी झाली, त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको. ओकाऱ्याची कुळं तर चांगलीच ओळखून होती. त्यांनी संघटना बांधली आणि घोषणा दिली, "मालकी या मौत". मग निमलष्करी रेंजर्सनी गावांना वेढे घातले, पाणी-वीज तोडली, माणसांना मारहाण करून सह्या घेतल्या. ह्यूमन राइट्स वॉचनं २००४ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला.

एरवी जमीनदारानं दांडगाई केली तर कूळ पोलिसात जातं, पोलिसांनी ऐकलं नाही तर कोर्टात. ओकाऱ्यात जमीनदार, पोलिसांच्या वरचे पोलीस आणि त्या काळी देशाचं सरकार हे सगळं एकच होतं. कुंपणच शेत खाऊ लागलं की राखणीला दुसरं काय ठेवणार?

"पण ते कर भरतात, नोकऱ्या देतात, दवाखाने चालवतात की!"

हो, चालवतात. फौजी फाउंडेशनचे दवाखाने आणि शाळा खऱ्या आहेत, माजी सैनिकांच्या कुटुंबांना त्याचा फायदा होतो, आणि तिच्या खत कंपनीचा कारभार अनेक सरकारी कंपन्यांना लाजवेल असा आहे. हे मान्य न करता टीका करणं म्हणजे डोळे झाकून दगड मारणं.

अडचण कार्यक्षमतेची नाहीच, हिशोबाची आहे. सिंधमधला खोस्की साखर कारखाना फौजी फाउंडेशननं विकला, तोही जास्तीची बोली बाजूला ठेवून कमी किमतीला, असा आक्षेप घेऊन २००५ मध्ये खासदारांनी संसदेत जाब विचारला. संस्थेनं तपशील द्यायचं नाकारलं: आम्ही खासगी, संसदेला बांधील नाही. आता साखर कारखाना कवडीमोलानं विकल्याचे आरोप महाराष्ट्राला नवे नाहीत. आपल्याकडे त्यावरून याचिका झाल्या, चौकश्या झाल्या, नेत्यांची नावं पेपरात आली. निष्पन्न काय झालं यावर स्वतंत्र लेख होईल, पण "तुम्ही विचारणारे कोण?" असं उत्तर मिळालं नाही.

आणि तीच संस्था जमीन मिळवताना, कंत्राट घेताना खासगी नसते. तेव्हा ती फौज असते. एखाद्या सिमेंटवाल्यानं अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध भाव पाडल्याची तक्रार करायची म्हटली तर वकील आधी त्यालाच विचारेल, साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?

"राजकारणी तरी कुठे धुतल्या तांदळाचे?"

हा आक्षेप पाकिस्तानातल्या रस्त्यावरच्या माणसाचाच आहे, आणि तो खोटा नाही. नवाझ शरीफ काय, झरदारी काय, दोन्ही राजकीय घराण्यांच्या मालमत्तांवर ग्रंथ होतील. अयुब खान १९५८ मध्ये आले, झिया १९७७ मध्ये, मुशर्रफ १९९९ मध्ये. तिघांनीही घाण साफ करायला आल्याचं सांगितलं आणि सुरुवातीला लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

पण पुढाऱ्याला कामावरून काढायची एक तारीख ठरलेली असते. त्या देशात ती तारीखही कधी नीट येऊ दिली गेली नाही: आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. सतत अर्ध्यावर उठवलेला स्वयंपाकी वाईट जेवण करतो, आणि मग त्याच वाईट जेवणाचा दाखला देऊन त्याला पुन्हा उठवतात.

"मग लोकांनी मत देऊन बदलावं ना!"

म्यानमारमध्ये लोकांनी तेच केलं. तिथल्या फौजेच्या दोन मोठ्या कंपन्या, बियरपासून रत्नांच्या खाणींपर्यंत सगळीकडे हातपाय पसरलेल्या. २००८ च्या घटनेत संसदेच्या २५ टक्के जागा फौजेसाठी राखीव, आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. हिशोब तुम्हीच करा. तरी नोव्हेंबर २०२० मध्ये आंग सान सू ची यांच्या पक्षानं ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या. १ फेब्रुवारी २०२१ ला, नवी संसद भरायची त्याच दिवशी, पहाटे धरपकड झाली.

पाकिस्तानात एवढंही करावं लागत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीआधी इम्रान खान तुरुंगात होते आणि त्यांच्या पक्षाचं 'बॅट' हे चिन्ह काढून घेतलेलं होतं. त्यांचे उमेदवार अपक्ष म्हणून लढले, कुणाला वांगं मिळालं, कुणाला बूट, आणि तरीही सर्वांत जास्त जागा त्यांनीच जिंकल्या. सरकार दुसऱ्यांचं आलं. याच इम्रान खानांना २०१८ मध्ये फौजेनं वर चढवल्याचा आरोप तेव्हाचे विरोधक करत होते, हेही विसरायला नको. टँकरवाल्याचं प्रेम असं फिरतं असतं.

"आपल्याकडे आर्मी कॅन्टीन आहे, आणि 'आदर्श' विसरलात का?"

नाही विसरलो. कॅन्टीनचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, नफातोट्याचे कागद महालेखापरीक्षकांपुढे जातात, युनिटांच्या कॅन्टीनच्या हिशोबावर आक्षेपही निघालेत. कुरबुरी आहेतच, पण विचारता येतं.

'आदर्श'चं उदाहरण मला उलट जास्त बोलकं वाटतं. कुलाब्यात ३१ मजली इमारत उभी राहिली, त्यात माजी लष्करप्रमुखांसह बड्यांचे फ्लॅट निघाले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे जे आपल्याकडे घोटाळा म्हणून गाजलं, त्याच्या कितीतरी पट मोठं काम डीएचएमध्ये धोरण म्हणून चालतं. आपली माणसं जास्त सज्जन आहेत असं यातून काही सिद्ध होत नाही. १९४७ नंतर काही साध्या गोष्टी वेळेवर झाल्या, एवढंच. सरसेनापतींचा तीन मूर्ती बंगला पंतप्रधानांचं घर झाला, १९५० ला घटना लागू झाली, १९५५ ला सरसेनापती हे पदच गेलं. पाकिस्तानची पहिली घटना यायला १९५६ उजाडलं आणि दोन वर्षांत ती गुंडाळलीही गेली.

"हे गरीब देशांचं दुखणं झालं"

तसंही नाही. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेचे मावळते अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात इशारा दिला की प्रचंड लष्कर आणि प्रचंड शस्त्रउद्योग यांची जोडी सरकारी निर्णयांवर नको तेवढा ताबा मिळवेल. बोलणारा माणूस स्वतः पंचतारांकित जनरल होता, कुणी शांततावादी कवी नव्हे. तिथं दुकान फौजेचं नाही, खासगी कंपन्यांचं. पण १९९० च्या दशकात संरक्षण मंत्रालयाच्याच उत्तेजनानं ५१ मोठे पुरवठादार एकमेकांत विलीन होत पाचांवर आले. गिऱ्हाईक एक आणि दुकानं पाच, तीही कारखाने राज्याराज्यांत वाटून बसलेली. २०१२ मध्ये लष्करप्रमुखांनी सांगितलं की आम्हाला आणखी रणगाडे नकोत. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तरी पैसे दिले, कारण ओहायोतल्या लिमा गावचा कारखाना चालू राहायला हवा होता.

तरीही फरक आहे. अमेरिकेत विकत घेतला जातो तो खासदार, संसद नव्हे. हिशोबतपासणीत पेंटागॉन, म्हणजे तिथलं संरक्षण मंत्रालय, २०१८ पासून दरवर्षी नापास होतं, पण निकाल जाहीर होतो. पाकिस्तानात २००८ पर्यंत संरक्षणाचा सगळा खर्च संसदेपुढे एका ओळीत यायचा. २०२५-२६ मध्ये एकूण अंदाजपत्रक सुमारे ७ टक्क्यांनी आक्रसलं आणि संरक्षणाचा आकडा २० टक्क्यांनी वाढून २ लाख ५५ हजार कोटी पाकिस्तानी रुपये झाला. निवृत्त सैनिकांचं पेन्शन यात धरलेलं नाही, ते मुशर्रफ यांच्या काळापासून नागरी खर्चात दाखवतात.

मग आता बंड कशाला करायचं?

जून २०२३ मध्ये परदेशी गुंतवणूक आणायला एक परिषद नेमली गेली, एसआयएफसी. अध्यक्ष पंतप्रधान, शेजारच्या खुर्चीत लष्करप्रमुख. शेती, खाणी, ऊर्जा, आयटी असे विषय तिथं ठरतात. म्हणजे सेक्रेटरीकाका सभा घेतात, पण सभा वॉचमनच्या केबिनमध्ये.

त्याच वर्षी मार्चमध्ये पंजाबच्या काळजीवाहू सरकारनं, ज्याचं काम फक्त निवडणूक घेणं एवढंच होतं, भक्कर, खुशाब आणि साहिवाल जिल्ह्यांतली ४५,२६७ एकर जमीन लष्कराला कंपनी-शेतीसाठी देऊ केली. लाहोर उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलं की काळजीवाहू सरकारला हा अधिकार नाही आणि शेती करणं हे फौजेचं काम नाही. महिन्याभरात दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल स्थगित केला.

शेती आली की पाणी आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंजाबातल्या चोलिस्तानच्या वाळवंटात लष्कराच्या या कंपनी-शेतीच्या योजनेचं उद्घाटन झालं, त्यासाठी नवे कालवे काढायचं ठरलं, आणि खाली सिंधमध्ये भडका उडाला. सिंधू नदीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना वरच्या कालव्याचा अर्थ बरोबर कळतो. आपल्याकडे नगर-नाशिकच्या धरणांकडे मराठवाडा कसा पाहतो, ते आठवा. १८ एप्रिलला वकिलांनी खैरपूरजवळच्या बाबरलोई बायपासवर ठाण मांडलं. काळे कोट, सतरंज्या, चहाच्या किटल्या. कराची बंदराकडे जाणारे-येणारे ट्रक मैलोन्‌मैल अडकले. मग त्यात लेखक आले, विद्यार्थी आले, बाया आल्या. २२ तारखेला पहलगामचा हल्ला झाला, सगळं जग युद्धाकडे डोळे लावून बसलं, तरी माणसं रस्त्यावरून उठली नाहीत.

२८ एप्रिलला केंद्र आणि प्रांतांच्या परिषदेनं योजनेची मंजुरी मागे घेतली. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत भारताशी चकमक होऊन गेलेली होती, फौजेची लोकप्रियता शिगेला पोचली होती आणि मुनीर फील्ड मार्शल झाले होते. त्या परिषदेच्या निर्णयातलं वाक्य असं आहे की प्रांतांची सहमती होईपर्यंत नवे कालवे काढले जाणार नाहीत.